विंडोज बदलायचीय? आधी परतीची वाट राखून ठेवा

माझी मावशी सदाशिव पेठेत राहते. काकांनी निवृत्तीनंतर आठ वर्षं खपून घराण्याचा कुलवृत्तांत जमवला. गावोगाव जाऊन वंशावळी उतरवून आणल्या, अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीवाल्याकडून कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट बसवून घेतले आणि तीनशेच्या वर पानं स्वतः टाइप केली. २०१६ साली मी त्यांचा कॉम्प्युटर फॉरमॅट करून दिला. जुन्या विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, तेव्हा नवी विंडोज टाकणं गरजेचंच होतं. कुलवृत्तांताची फाइल मी आठवणीने दोन पेनड्राइव्हवर घेतली होती. नव्या विंडोजमध्ये ती उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या चिन्हांची सरमिसळ. काका काहीच बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.

फाइल शाबूत होती. ती ज्या फॉन्टमध्ये लिहिलेली होती, तो फॉन्ट मी डिस्कबरोबर पुसून टाकला होता. तो डीटीपीवाला शोधून, त्याच्याकडच्या जुन्या सीड्या चाळून फॉन्ट परत मिळवायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी मावशीकडे चहाला थांबू शकले नाही.

तेव्हापासून नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणांचे कॉम्प्युटर मी बदलून दिले आहेत. आपण कधीही मागे फिरू शकतो याची खात्री झाल्याशिवाय मी एकही बटण दाबत नाही. ज्यांनी हे काम कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुमचं एमएस-सीआयटी झालेलं असेल तर यातलं काहीच अवघड वाटणार नाही. झालेलं नसेल तरी फाइल कॉपी-पेस्ट करता येणं एवढं भांडवल पुरतं.

आपल्याकडे नेमकं काय आहे?

कीबोर्डवर विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं सलग टाइप करून एंटर मारा. तुमच्याकडे कोणती विंडोज आहे ते समोर येईल. ते कागदावर लिहून घ्या. मग "धिस पीसी" किंवा "माय कॉम्प्युटर"वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि प्रोसेसरचं नाव, रॅम किती आणि सिस्टीम ३२ बिट की ६४ बिट, या तीन गोष्टी टिपा.

आता तारखा. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. आधार संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, आणि म्हणूनच लोक वर्षानुवर्षं तसेच राहतात. बंद होतात त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. चोरांना नवं भोक सापडलं की ते बुजवणारं कोणी उरत नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले. त्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती किंवा ज्यांच्या जुन्या विंडोजला ती मिळतच नव्हती, ते सापडले.

"पण माझ्याकडे अँटीव्हायरस आहे की," असं मला प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. अँटीव्हायरस असावाच. पण तो दारावरचा राखणदार आहे. भिंतच पडकी असेल तर त्याचा किती उपयोग होणार? शिवाय क्रोमसारखे ब्राउझरही जुन्या विंडोजची साथ सोडतात. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती. २०२३ नंतर त्या कॉम्प्युटरवरचा क्रोम तिथेच थांबला आहे, आणि त्यातूनच बँकेचे व्यवहार चालू असतात. ही गोष्ट मला खरोखर अस्वस्थ करते.

कुठे जायचं?

विंडोज १० असेल तर पहिला प्रश्न हा की हा कॉम्प्युटर विंडोज ११ घेऊ शकतो का. त्यासाठी ६४ बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, पण बहुतेकांचं घोडं इथे अडत नाही. अडतं ते टीपीएम २.० नावाच्या सुरक्षा चिपपाशी आणि प्रोसेसरच्या वयापाशी. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची आणि एएमडीची रायझन २००० मालिका किंवा त्यापुढची चालते. मायक्रोसॉफ्टचं "पीसी हेल्थ चेक" हे मोफत साधन चालवलं की हो किंवा नाही असं सरळ उत्तर मिळतं. नाही आलं तर लगेच हार मानू नका. कित्येक कॉम्प्युटरमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने सापडतं. ते चालू केलं की कॉम्प्युटर पात्र ठरल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

आधीपासून रीतसर चालू असलेल्या विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे पडत नाहीत. विंडोज ७ वरून मात्र थेट ११ वर उडी मारता येत नाही. तिथे सगळं नव्यानेच टाकावं लागतं. शिवाय विंडोज ७ ची जुनी की, म्हणजे परवान्याचा सांकेतिक क्रमांक, वापरून नवी विंडोज चालू करून घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. म्हणजे नवा परवाना विकत घेणं आलं.

कॉम्प्युटर पात्र नसेल आणि त्यात विंडोज १० असेल, तर श्वास घ्यायला थोडा वेळ मिळतो. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर तिच्यासाठी नोंदणी करता येते. हा कायमचा उपाय नाही. त्या मुदतीत पैसे साठवा, डेटा नीट लावून घ्या.

दुसरा रस्ता लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत सिस्टीमचा. नवशिक्यांनी लिनक्स मिंट घ्यावं. त्याची २२ मालिका एप्रिल २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे आणि ४ जीबी रॅमच्या जुन्या मशिनवर तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती समाधानकारक चालते. सगळ्यात मोठा फायदा असा की पेनड्राइव्हवरून ती नुसती चालवून बघता येते. डिस्कला हातही लागत नाही. आवाज येतो का, वायफाय लागतं का, मराठी टाइप होतं का, हे संध्याकाळभर वापरून पाहा आणि मगच ठरवा. पण टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, किंवा आयकर-जीएसटीसाठी लागणारं डिजिटल सहीचं टोकन यावर तुमचं काम अवलंबून असेल, तर या रस्त्याला जाऊ नका. प्रिंटरचाही विचार करा. आपल्याकडे घरोघरी असलेला कॅननचा एलबीपी २९०० विंडोजवर गुमान चालतो, लिनक्सवर मात्र त्याचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्रॅम, बसवताना दमछाक होते.

अपात्र कॉम्प्युटरवर युक्ती करून विंडोज ११ टाकून देणारेही भेटतील. होतं ते. पण अशा मशिनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपला सगळा खटाटोप तर अपडेटसाठीच चालला आहे. बँकेचं काम होणाऱ्या कॉम्प्युटरवर मी हे करत नाही.

दुकानदारांसाठी एक वेगळी सूचना. तुमचं बिलिंग काळ्या पडद्याच्या, डॉसच्या काळातल्या फॉक्सप्रो प्रोग्रॅमवर चालत असेल तर थांबा. असे १६ बिट प्रोग्रॅम ३२ बिट विंडोजवर कसेबसे चालतात, ६४ बिटवर चालतच नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. आधी त्या हिशेबांची सोय लावा. तोवर तो कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून फक्त बिलं काढायला ठेवता येतो.

एक वही घ्या

खरीखुरी, कागदाची. बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधली नोंद कशी वाचणार? तीत लिहा: वायफायचा पासवर्ड, ईमेलचे पासवर्ड, प्रिंटरचं आणि स्कॅनरचं मॉडेल, कॉम्प्युटरचं किंवा मदरबोर्डचं मॉडेल, डिस्कच्या सी, डी, ई अशा प्रत्येक भागाचा (पार्टिशनचा) आकार, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या की. टॅली असेल तर फॉरमॅटआधी तिचा परवाना सरेंडर करायचा आहे, हे मोठ्या अक्षरांत लिहा. नाहीतर नव्या सिस्टीमवर परवाना चालू करताना अडचण येते. रोज वापरायचे प्रोग्रॅम कोणते, तेही घरातल्या प्रत्येकाला विचारून लिहा. आजोबांचा पंचांगाचा प्रोग्रॅम असतो, नातवाचा चित्रं काढायचा असतो. ज्याचा त्यालाच आठवतो.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे का, हे सेटिंग्जमध्ये पाहा. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून वहीत उतरवा आणि दुसऱ्याकडून ताडून घ्या. बायोसमध्ये काही बदललं की कॉम्प्युटर ती की मागू शकतो. ती नसेल तर डेटा समोर असून हाती लागत नाही.

डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

हा गैरसमज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे. कॉम्प्युटर जोडून देणारा सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि सांगतो, "काका, महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा." सल्ला चुकीचा नाही. सी फॉरमॅट केला तरी डी राहतो. पण ते एकाच डिस्कचे भाग आहेत, एकाच घरातल्या दोन खोल्यांसारखे. डिस्क गेली तर दोन्ही गेले. फॉरमॅट करताना चुकून सगळी पार्टिशन उडवली तरी दोन्ही गेले. बॅकअप म्हणजे कॉम्प्युटरच्या बाहेर, वेगळ्या वस्तूवर असलेली प्रत. त्यासाठी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, त्याच्या एकट्याच्या भरवशावर वीस वर्षांचे फोटो ठेवू नका. आणि जे गेलं तर पुन्हा मिळणारच नाही, त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर असू द्या.

काय काय घ्यायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स ही चार फोल्डर. सीमध्ये यूझर्स नावाच्या फोल्डरात प्रत्येक वापरणाऱ्याची ही वेगवेगळी असतात, म्हणून सगळ्यांची घ्या. मग सी, डी, ई यांच्या अगदी वरच्या पातळीवर कोणी "न्यू फोल्डर २" अशा नावाने काही ठेवलंय का ते पाहा. तिथेच लग्नाचे फोटो सापडतात. ब्राउझरचे बुकमार्क एक्सपोर्ट करा. आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाइल घ्या. टॅलीचा बॅकअप टॅलीमधूनच घ्या आणि वर तिचं डेटा फोल्डरही कॉपी करा.

आता मराठीचं. काकांच्या कुलवृत्तांताचं जे झालं, ते समजून घ्या. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. "क" हा कुठल्याही कॉम्प्युटरवर "क"च असतो, फक्त त्याचं वळण फॉन्टप्रमाणे बदलतं. पण श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, किंवा पुण्याच्याच सी-डॅकच्या आयएसएममधले डीव्ही-टीटी सुरेख यांसारखे जुने फॉन्ट वेगळ्या रीतीने चालत. फाइलमध्ये साठवलेली असत इंग्रजीच्या जागेवरची चिन्हं, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षरांचे आकार चढवत असे. फॉन्ट गेला की आकार गेले आणि आतलं इंग्रजी कडबोळं उघडं पडलं. पुण्यात प्रकाशकांकडे, छापखान्यांत, सोसायट्यांच्या कपाटांत, संस्थांच्या कार्यालयांत अशा फाइली आजही हजारोंनी पडून असतील. सभेची इतिवृत्तं, दिवाळी अंकांची पानं, कुणाच्या वडिलांच्या आठवणी.

म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, सीमध्ये विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स हे फोल्डर पूर्णच्या पूर्ण बॅकअपमध्ये कॉपी करा. कोणता फॉन्ट हवा हे शोधत बसू नका, सगळे घ्या. दुसरी, अशी प्रत्येक महत्त्वाची फाइल जुन्याच कॉम्प्युटरवर उघडून तिची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच बांधला जातो, त्यामुळे ती कुठेही उघडली तरी मराठी मराठीच दिसतं. विंडोज ७ मध्ये वर्डच्या "सेव्ह ॲज"मधून किंवा लिब्रेऑफिसच्या "एक्सपोर्ट"मधून ती करता येते. हे वेळखाऊ आहे, पण यातली एक फाइलही सोडू नका. तिसरी, टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मागे खोचलेल्या कुलपासारख्या खुंटीवर चालत असेल तर त्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी मिळतो का ते आधी विचारा. नाही मिळाला तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेण्याचं काम जुना कॉम्प्युटर चालू असतानाच उरका. फॉन्ट बदलून देणारी कन्व्हर्टर साधनं आहेत, पण ती रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी यांच्यात चुका करतात. बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो.

बॅकअप झाला की तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून उघडून पाहा. नुसतं फोल्डर दिसतंय यावर समाधान मानू नका. पाच-दहा फोटो, दोन व्हिडिओ, चार मराठी फाइली खरोखर उघडा. २०१६ साली मी एवढं केलं असतं तर त्या तीन आठवड्यांची वेळच आली नसती.

सगळ्यात सुरक्षित वाट: नवी डिस्क

माझं प्रामाणिक मत सांगते. कॉम्प्युटरमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्यावरच नवी विंडोज टाकू नका. २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, आणा, जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा आणि नव्या एसएसडीवर नवी सिस्टीम टाका. यात कॉम्प्युटर पूर्वीपेक्षा कितीतरी चपळ होतो, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की जुनं घर जसंच्या तसं उभं राहतं. नवं जमलं नाही, तर जुनी डिस्क परत खोचली की कालच्या जागी परत. फॉन्ट राहिला? जुनी डिस्क आहे. पासवर्ड राहिला? जुनी डिस्क आहे. एवढी निश्चिंती दुसऱ्या कुठल्याच पद्धतीत मिळत नाही.

एसएसडी आणि जुनी डिस्क यूएसबीला जोडायचं केसिंग, दोन्ही बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात सहज मिळतात. पक्कं बिल आणि वॉरंटीचा शिक्का घ्या. तिथे गेलातच तर सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेलही घेऊन या. जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ दर वेळी भलतंच वर्ष दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा तो सेल संपलेला असतो. तारीख चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, अपडेट अडकतात आणि माणूस नसता दोष नव्या विंडोजला देतो.

लॅपटॉप उघडायची भीती वाटत असेल तर डिस्क बदलण्याचं काम दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. मात्र जुनी डिस्क हातात परत मागून घ्या. "ती तुमच्याकडेच ठेवा" म्हणू नका. तिच्यात तुमचे आधार कार्डाचे स्कॅन असतात.

वार आणि वेळ

पुण्यात गुरुवारी हे काम काढू नका. दुरुस्तीच्या कामांसाठी महावितरण बहुधा गुरुवारीच वीज बंद ठेवतं. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाचे ढग जमलेली दुपारही टाळा. सिस्टीम बदलत असताना मध्येच वीज गेली तर मशिन अर्धवट अवस्थेत अडकू शकतं. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून चार्जर लावून ठेवा. एसएसडीवर मुख्य काम तास-दोन तासांत होतं, जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा दिवसही जातो. दुसऱ्या दिवशी रिटर्न भरायची शेवटची तारीख किंवा मुलांचा ऑनलाइन फॉर्म असेल तर आज हात लावू नका. शनिवारी सकाळी बसावं, म्हणजे रविवार हाताशी राहतो.

प्रत्यक्ष काम

विंडोज १० वरून ११ वर, त्याच डिस्कवर, फाइली ठेवून जायचं असेल तर: आधी विंडोज १० ची उरलेली सगळी अपडेट घ्या. सी ड्राइव्हमध्ये निदान ३० जीबी जागा मोकळी करा. बाहेरून घेतलेला अँटीव्हायरस तात्पुरता काढा, कारण अपग्रेड मध्येच अडण्याचं ते नेहमीचं कारण आहे. प्रिंटर, बॅकअपची डिस्क, पेनड्राइव्ह सगळं काढून ठेवा, फक्त कीबोर्ड आणि माउस राहू द्या. मग विंडोज अपडेटमध्ये ११ ची सूचना आली असेल तर तिथून, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरच्या इन्स्टॉलेशन असिस्टंटने सुरू करा. काय ठेवायचं असं विचारलं, तर फाइली आणि ॲप्स दोन्ही ठेवा हा पर्याय निवडा. टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ थांबते, कॉम्प्युटर तीन-चारदा आपोआप बंद-चालू होतो. घाबरून पॉवरचं बटण दाबू नका.

नव्या एसएसडीवर कोरी विंडोज टाकायची असेल तर चालत्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. तो लावून कॉम्प्युटर चालू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहा. डेल, लेनोवो, एसर यांवर बहुधा एफ १२ असतं, एचपीवर एस्केप किंवा एफ ९. डिस्क निवडायचा पडदा आला की आकार वाचा. जुनी डिस्क काढलेली असेल तर इथे चूक होऊच शकत नाही, आणि ती काढा असं मी म्हणते ते यासाठीच. काढलेली नसेल तर प्रत्येक पार्टिशनचा आकार वहीत लिहिलेल्याशी ताडूनच पुढे जा.

विंडोज ११ ची होम आवृत्ती सेटअपच्या वेळीच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागते. वायफायचा ड्रायव्हर तेव्हा नसेल तर अडकल्यासारखं वाटतं. मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट कॉम्प्युटरला देण्याची सोय, चालू करा, काम होतं.

पहिले दहा दिवस

सर्वात आधी विंडोज अपडेट, काही उरलं नाही असं दिसेपर्यंत. मग ड्रायव्हर, तेही कंपनीच्याच संकेतस्थळावरून. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" असं सांगणाऱ्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका. त्यानंतर बॅकअपची डिस्क लावा, उघडण्याआधी डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसने, तपासून घ्या आणि मग डेटा परत आणा. जुन्या पेनड्राइव्हमधून फिरणारा शॉर्टकट व्हायरस नव्या घरात आणू नका.

मराठीसाठी सेटिंग्जमध्ये भाषा या भागात मराठी जोडा. इनस्क्रिप्टची सवय असेल तर तो कीबोर्ड घ्या, रोमन अक्षरांवरून टाइप करत असाल तर मराठी फोनेटिकही आहे. जुनी युनिकोड कागदपत्रं वेगळी दिसायला लागली तर दचकू नका. मंगल हा फॉन्ट आता आपोआप येत नाही, ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्यावे लागतात. बॅकअपमधले जुने फॉन्ट मात्र सगळे परत टाकू नका. जे लागतात तेवढेच निवडून राइट क्लिक करून इन्स्टॉल करा.

त्याच डिस्कवर अपग्रेड केलं असेल तर जुनी विंडोज दहा दिवस मागे जपून ठेवलेली असते. सेटिंग्जमध्ये रिकव्हरीत जाऊन परत जाता येतं. त्या दहा दिवसांत डिस्क क्लीनअप चालवू नका आणि वहीतल्या यादीतला एकेक प्रोग्रॅम, प्रिंटर, सहीचं टोकन वापरून पाहा. महिन्याअखेरीलाच लागणारी गोष्ट महिन्याअखेरीला आठवते आणि तोवर मुदत संपलेली असते. बिटलॉकर पुन्हा एकदा पाहा. मायक्रोसॉफ्ट खात्याने कोरी विंडोज ११ टाकली की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होऊ शकते, आणि तिची की नवी असते. तीही वहीत.

फुकटच्या विंडोजविषयी

क्रॅक केलेली विंडोज आणि "ॲक्टिव्हेटर" यांच्याविषयी मी कळकळीने सांगते, घेऊ नका. असा ॲक्टिव्हेटर चालवताना तो आधी डिफेंडर बंद करायला सांगतो, आणि आपण अनोळखी माणसाला घराची सगळी दारं उघडून देतो. परवान्याला पैसे नसतील तर लिनक्स मिंट रीतसर मोफत आहे.

"तुमच्या विंडोजची मुदत संपली, आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" असा फोन आला तर ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून असे फोन करत नाही. वयस्कर मंडळींना हे आधीच सांगून ठेवा, आणि कोणी ॲप उतरवून पडदा दाखवा म्हणालं तर दाखवायचा नाही हेही. पैसे गेलेच तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

काढून ठेवलेली जुनी डिस्क कागदात गुंडाळा, वर मार्करने नाव, तारीख आणि "फॉरमॅट करू नये" असं लिहा आणि कपाटात कोरड्या जागी ठेवा, निदान वर्षभर. मावशीकडे ती देवघराखालच्या खणात आहे, कुलवृत्तांताच्या छापील प्रतीशेजारी.